पायातल्या मुंग्या

चाळीस वर्षं खुर्चीमागे उभं राहून लोकांची डोकी सारखी करणाऱ्या न्हाव्याला आता दहा मिनिटंही उभं राहवेना. उजव्या पायाच्या रक्तवाहिन्या आखडल्या होत्या. रक्त खाली पोचत नव्हतं; पाऊल हाताला गार लागायचं आणि आतून निखाऱ्यावर ठेवल्यासारखं जळायचं. पांघरूण लागलं तरी तो कळवळे. रक्तवाहिनी मोकळी करता येणार नाही, असं दोन डॉक्टरांनी सांगितल्यावर तो बायकोला म्हणाला, "कापून टाका म्हणावं एकदाचा."

"पाय आहे तो अहो, केस नव्हे, पुन्हा उगवायला," ती म्हणाली आणि त्याला तिसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

या डॉक्टरीणबाई होत्या. "मणक्यात, मज्जारज्जूजवळ बारीक तार ठेवू," त्या म्हणाल्या. "तिच्यातून सौम्य वीज जाईल, पायात मुंग्या येतील आणि आग दबेल. आठवडाभर यंत्र बाहेर, कमरेला. गुण आला तर कातडीखाली बसवू. सिगारेट मात्र आजपासून बंद."

तार घालताना त्याला जागंच ठेवलं होतं.

"मुंग्या कुठे येतात?"

"मांडीत."

"आता?"

"पोटरीत. जरा खाली घ्या... हां, तळव्यात. बास."

घरी आल्यावर आग निवली. पण त्याच्या मनात पाल चुकचुकली. बायकोचा चेहरा खुलला, म्हणून आपण बरं वाटून घेतोय की काय? सहाव्या दिवशी दुपारी ती बाहेर गेल्यावर त्यानं यंत्र बंद केलं. अर्धा तास काहीच झालं नाही. सगळे मनाचे खेळ, असं म्हणेपर्यंत अंगठा पेटला, मग अख्खं पाऊल.

ती परतली तेव्हा तो पलंगाची कड घट्ट धरून बसला होता.

"कुणी बंद केलं?"

"मीच. खरं आहे का, बघायचं होतं."

ती रागावली नाही. यंत्र चालू केलं, आग शमेपर्यंत थांबली आणि कित्येक महिन्यांनी त्याचं पाऊल हातात घेतलं. तो दचकला, पण पाय ओढला नाही.

"ऊब आहे," ती हळूच म्हणाली.

"किती फरक?" आठवडा संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"निम्म्याहून जास्त. सगळं नाही गेलं."

"सगळं जाईल, असं मी म्हटलंच नव्हतं."

यंत्र कातडीखाली बसलं. दुकानात उंच स्टूल आलं. "साहेब झालात, बसून काम," जुनं गिऱ्हाईक म्हणालं.

"कान सांभाळा," न्हावी म्हणाला.

सिगारेटची तल्लफ अजून येते. आली की तो कंगवे धुवायला घेतो.