माझ्या हिरव्या काचा

मी एक गॉगल बोलतोय. दुकानांच्या पाट्यांवर माझं नाव काहीही लिहिलेलं असो, बेळगावात आणि निपाणीत मला गॉगलच म्हणतात. मलाही ते नाव आवडतं. त्यात थोडा रुबाब आहे आणि थोडी जत्राही.

माझा जन्म दूरच्या देशात, समुद्राकाठच्या एका लहान कारखान्यात झाला. मधाच्या रंगाच्या प्लास्टिकच्या जाड तक्त्यातून मला कापलं. मग लाकडाच्या बारीक तुकड्यांनी भरलेल्या पिंपात घालून गरगर फिरवलं. त्या अंधारात फिरता फिरता माझ्या कडा मऊ झाल्या. बाहेर काढून मला हिरव्या काचा बसवल्या, तेव्हा मी पहिल्यांदा जग पाहिलं. तळ्याच्या तळाशी बसून वर पाहावं तसं ते दिसलं. पुढे बराच काळ मला वाटत होतं, जग असंच असतं.

मला विकत घेतलं बुद्धप्रियनं. तो निपाणीचा, बँकेत अधिकारी. त्याच्या आईवडिलांचं आयुष्य तंबाखूच्या वखारीत राबण्यात गेलेलं. नुसत्या हौसेखातर आणलेली वस्तू त्या घरात बहुतेक मीच पहिली. वडील, भीमाप्पा, मला उलटसुलट करून म्हणाले, "ह्ये घालून बँकेत बसलास तर लोक कर्ज मागायला भितील रं." घरातले सगळे हसले. दुसऱ्या दिवशी कुणी नाही असं बघून त्यांनीच मला डोळ्यांवर चढवलं आणि दारात उभं राहून कितीतरी वेळ रस्ता पाहिला.

बुद्धप्रिय मला लावून स्कूटरवरून चिकोडीच्या शाखेत जायचा. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच तंबाखूचं रान, लांबवर एखादी टेकडी. माझ्यातून बघायला मिळावं म्हणून तो गाडी हळू करायचा. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, आम्ही आमच्या तंद्रीत.

रविवारी आम्ही बेळगावला, वडगावात सौरवकडे जायचो. सौरवच्या घरात माग चालतात. खाली खटखटाट, आणि वर माडीवर चटईवर मांडलेले आम्ही सगळे गॉगल. गॉगलवेडी माणसं आपापले गॉगल घेऊन तिथं जमायची. ज्याला जो आवडेल त्यानं तो लावायचा आणि गल्लीतून एक फेरी मारून यायचं, एवढाच नियम. त्या काळात मी कितीतरी नाकांवर बसलो. कुणाच्या केसांना खोबरेलाचा वास, कुणाच्या कपाळावर घाम. मला ते सगळं आवडायचं.

सौरवचा माझ्यावर भारी जीव. त्याच्या लग्नात बुद्धप्रियनं मला त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "घाल हं. ठेवून देऊ नको." सौरव मला लावूनच वरातीत बसला. शेजारी नवरी, पूर्णिमा. तिनं हळूच विचारलं, "माझं त्वांड तरी दिसतंय का त्यातनं?"

"हिरवीगार दिसतीयास," सौरव म्हणाला.

पुढे बातमी आली की समुद्राकाठचा तो कारखाना बंद झाला. माझ्यासारखे गॉगल आता होणार नव्हते. ही बातमी आणली युवराजनं. तोही रविवारच्या मंडळींतलाच. त्यानं मोबाइल सौरवपुढे धरला. "बघ, तुझ्या ह्या गॉगलला भायेर काय भाव आलाय!" सौरवनं मला डोळ्यांवरून काढलं आणि दोन्ही हातांत धरलं. त्या दिवशी पहिल्यांदा तो माझ्यातून न बघता माझ्याकडे बघत राहिला.

मग रविवार बदलले. फेरी मारायला कुणी गल्लीत उतरेना. मधोमध मोबाइल ठेवून भाव बोलले जायचे. घेतलेला गॉगल एकदाही डोळ्यांना न लावता पुढच्याला विकला जायचा, आणि प्रत्येक हाताला त्याची किंमत वाढायची. ज्याला तो लावायची हौस त्याला तो परवडेना, ज्याला परवडे त्याला तो लावायचा नसे. भरमू नावाचा एक रिक्षावाला यायचा. त्याचा लाडका निळा गॉगल युवराजनं मैत्रीत स्वस्तात मागून घेतला आणि पुण्याच्या एका माणसाला चढ्या भावानं विकला. भरमूला ते कळलं, आणि तो परत माडी चढला नाही.

मी डबीत गेलो. ओल लागू नये म्हणून सोबत छोट्या पुड्या. अंधारात मागांचा आवाज लांबून जाणाऱ्या आगगाडीसारखा यायचा आणि मला स्वप्नं पडायची. स्वप्नात मी कुणाच्या तरी नाकावर असायचो. कुणाच्या, ते कळायचं नाही. ऊस मागे पळायचा, वारा काड्यांतून शीळ घालायचा. बाहेर माझी किंमत वाढत होती आणि आत मी काहीच करत नव्हतो.

शेवटी युवराजनं मोठं गिऱ्हाईक आणलं. सौरवनं शब्द दिला. युवराज न्यायला यायच्या आदल्या दुपारी बुद्धप्रिय आला.

"स्कूटर कुठाय?" सौरवनं विचारलं.

"बसनं आलतो." तो चटईवर टेकला. मग म्हणाला, "तो हिरवा हाय न्हवं अजून? जरा घालून बघू का? आजकाल ऊन लई टोचायलंय."

सौरव अडखळला. "उद्या युवराज न्यायला येणार हाय रं. ठसाबिसा उमटला तर... दुसरा कुठलाबी घाल की."

"नको. ऱ्हाऊ दे." बुद्धप्रियनं चहा घेतला आणि तो गेला.

पूर्णिमा दारातच उभी होती. म्हणाली, "तुमास्नी कायच दिसलं न्हाय? कप म्होरं हुता, त्यो त्यांनी हातानं चाचपून घेतला. पायरी पायानं हुडकली, मग उतरले."

सौरवनं बुद्धप्रियच्या बहिणीला, सुविधाला, फोन लावला. तिचा आवाज डबीपर्यंत आला. "बाजूचं दिसायचं कमी झालंय त्याला. म्हणून तर स्कूटर सोडली. मधलंबी हळूहळू जाईल, म्हणतात डॉक्टर. उजेड सोसत न्हाय. तुमास्नी सांगितलं न्हाय त्यानं?"

फोन ठेवून सौरवनं डबी उघडली. उघड्या बोटांनी मला उचललं आणि मांडीवर ठेवून तसाच बसून राहिला. खाली माग थांबले तरी तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी युवराज आला. "शब्द दिलतास," तो म्हणाला.

"व्हय, दिलतो."

"गिऱ्हाईक आनखी वाढवून द्यायलंय."

"बुद्धप्रियला पायजे."

"त्यो किती देतोय?"

"त्याला घालायचाय," सौरव म्हणाला.

युवराज हसायला लागला, आणि सौरवचं तोंड बघून मध्येच थांबला. "मला खोटं पाडलंस तू," एवढं बोलून तो तणतणत जिना उतरला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे.

सौरव मला घेऊन निपाणीला आला आणि बुद्धप्रियला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेला. दुकानातल्या शामूनं मला निरखलं. "फ्रेम झकास हाय. काड्या रुंद, बाजूचा उजेड अडतोय. पण ह्या काचा चालायच्या न्हाईत. डॉक्टरांनी तपकिरी लिवल्यात. ह्या काढाव्या लागतील."

बुद्धप्रिय घाईनं म्हणाला, "नको रं सौरव. काचा गेल्या की ह्याला कोण इचारनार न्हाय."

सौरव काउंटरकडे बघत होता. "काढा," तो म्हणाला.

मी घाबरलो. शामूनं मला गरम हवेपुढे धरलं. माझं अंग सैल झालं. त्यानं अंगठ्यानं दाबलं, आणि माझं हिरवं जग एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं निखळून पडलं. थोडा वेळ माझ्यात काहीच नव्हतं. त्या रिकामेपणातून मी रस्ता पाहिला. पांढरा, कोरडा, धुळीचा. एवढा उजेड बुद्धप्रियच्या डोळ्यांत शिरत होता! मग तपकिरी काचा बसल्या आणि सगळीकडे कलत्या दुपारचा रंग पसरला.

तो मला लावून बाहेर आला.

"ऊन हाय का रं?"

"लई हाय. डांबर पाघळायलंय."

"मला चांदणं पडल्यागत वाटतंय," बुद्धप्रिय म्हणाला. सौरवनं त्याचं कोपर धरलं आणि दोघं रस्ता ओलांडून गेले.

आता मी रोज त्याच्या डोळ्यांवर असतो. माझ्यावर चरे उठलेत, एक काडी जरा ढिली झालीय. माझी किंमत कुणी विचारत नाही. तुमच्या कपाटात माझं कुणी भावंड डबीत पडलं असेल, तर त्याला एकदा बाहेर काढा. स्वतः लावा, नाहीतर शेजाऱ्याला द्या आणि गल्लीतून एक फेरी मारून यायला सांगा. आमच्या काचा बोटांच्या ठशांनी मरत नाहीत.

बुद्धप्रियला दिसणारं वर्तुळ हळूहळू लहान होत चाललंय. म्हणून तो एकेक गोष्ट खूप वेळ बघतो. आज सोप्यात त्याची आई, यल्लव्वा, सूप घेऊन बसली आहे.

"आये, जरा हलू नको."

"काय बघतोस रं एवढं?"

"काय न्हाय. तू निवड."

ती ज्वारी निवडते आहे, आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघतो आहोत.