कात्रीला बांधलेला टेप

मी एक जुना टेप आहे. गाण्यांचा नव्हे, मित्रांनो, शिवणकामाचा. साठ इंच लांब, पिवळा, कापडी. जन्मलो तेव्हा माझा प्रत्येक इंच चोख होता. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी ज्या गोष्टीची कबुली देणार आहे ती ऐकून तुम्ही मला जन्माचा लबाड समजाल.

जानेफळच्या बसस्टँडमागे उत्तमराव मास्टरांचं गणवेश शिवायचं दुकान आहे. मास्टरांनी मला मेहकरच्या बाजारातून आणलं आणि गळ्यात घातलं. त्यांचे दोन नियम होते. पहिला, आपला टेप आणि आपली कात्री दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. दुसरा, दुकान बंद करताना माझं एक टोक खिळ्याला अडकवायचं आणि दुसऱ्या टोकाला कापायची जड लोखंडी कात्री गाठ मारून टांगायची. दोघं सोबत राहिली म्हणजे सकाळी शोधाशोध नको, असं ते म्हणत. ती सवा किलोची बाई रोज माझ्या शेपटीला लोंबकळायची, आणि आपण केवढा भार पेलतो याची मला भारी ऐट होती. त्या ऐटीतच मी ताणला गेलो.

मास्टरांचे हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी मला दुकानात शिवणकाम करणाऱ्या सरवरीआपाच्या गळ्यात घातलं. मास्टरांचे दोन्ही नियम तिने तसेच पाळले. माप तीच घ्यायची आणि कापड तीच कापायची, दोन्ही माझ्याच जोरावर. मी थोडा लांबलो होतो हे मला कळत होतं. पण जो टेप मापात जेवढा चुकतो तोच कापताना तेवढाच चुकला, तर कपडा अंगाला बरोबर बसतो. अकरा वर्षं आपाच्या हातचा एक सदराही कुणाला काखेत रुतला नाही. लोक तिची वाहवा करत आणि मी तिच्या गळ्यात फुगून बसे.

मग हा डिसेंबर आला. दुकान आता मास्टरांची मुलगी सुचिताताई बघते. तिने नव्या वर्षाचं नियोजन कागदावर लिहून भिंतीवर चिकटवलं. आपाने गावोगावच्या शाळांत जाऊन मापं घ्यायची, आकडे तिथेच टॅबलेटमध्ये भरायचे, आणि इकडे दुकानात नव्याने आलेल्या ज्ञानेश्वरने ते पाहून कापड कापायचं. असं केलं तर धामणगाव बढ्यापर्यंतचं काम घेता येणार होतं. आधी एक परीक्षा मात्र व्हायची होती. देऊळघाटच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी अंगासरशी बसणारी चाळीस जाकिटं, तीन जानेवारीपर्यंत. ती जमली की जानेवारीपासून आपा आणि ज्ञानेश्वर दोघांचीही नोकरी पक्की.

देऊळघाटला आपाने माझ्याने चाळीस छात्या मोजल्या. आकडे टॅबलेटमध्ये शिरले आणि मी मात्र आपाच्या गळ्यातच राहिलो. आकडा एकटाच प्रवासाला निघाला होता आणि तो माझ्याशिवाय अर्धवट होता. ज्ञानेश्वरकडे त्याचा स्वतःचा कोरा करकरीत टेप होता. मास्टरांच्या नियमामुळे आम्ही दोघे कधी एकमेकांशेजारी पडलोच नव्हतो.

तीस डिसेंबरला पहिली दहा जाकिटं शाळेत गेली आणि संध्याकाळच्या आत परत आली. एकाही मुलाला बटण लागत नव्हतं.

सुचिताताईने आपाला समोर बसवलं. "आपा, हे काऊन झालं?"

"मी काय सांगू बेटा? माप तर मी दोन-दोन खेपा घेतलं."

ज्ञानेश्वरने एक जाकीट त्याच्या टेपने मोजून दाखवलं. ते टॅबलेटमधल्या आकड्याशी तंतोतंत जुळलं. "ताई, मले जे दिसलं ते मी कापलं," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. मग आपाने शेजारच्या गल्लीतून सुचिताताईच्या भावाचा मुलगा बोलावून घेतला. तो देऊळघाटलाच शिकतो आणि त्याचंही जाकीट परत आलं होतं. तिने मला त्याच्या छातीभोवती गुंडाळलं. टॅबलेटमध्ये तीस होता, मीही तीसच दाखवला.

कापणारा बरोबर, मोजणारी बरोबर, आणि पोराच्या अंगात जाकीट शिरत नव्हतं. मी तिथल्या तिथे ओरडायला हवं होतं की अरे, तो तीस माझा आहे, साऱ्या जगाचा नाही! पण टेपला तोंड कुठलं? माझ्या अंगावर आकडे आहेत, अक्षर एकही नाही.

"तुमच्या डोळ्याचं काही झालं असन," सुचिताताई हळू आवाजात म्हणाली.

आपाने आपला चष्मा काढून पदराने पुसला. पुन्हा घातला. माझे आकडे डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. "मले दिसून तर राह्यलं," ती म्हणाली, पण तिच्या आवाजातला भरवसा गेला होता. स्वतःवरच संशय घेणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. तिच्या गळ्याशी मी होतो.

एकतीस तारखेला दुपारी सुचिताताईने भिंतीवरच्या कागदावर आपाच्या नावापुढे पेन टेकवलं. खोडलं नाही, नुसतं टेकवून ठेवलं. ती दुष्ट नव्हती. शाळेचा फोन सकाळपासून तीनदा आला होता आणि एका शाळेत नाव गेलं की दुसरी शाळा दारात उभं करत नाही.

"आपा, जानेवारीपासून मापाले मी दुसरं माणूस पाहतो. तुमी नाराज होऊ नका."

"हाव बेटा," आपा म्हणाली. तिने भांडण केलं नाही, रडलीही नाही. मला गळ्यातून काढलं आणि कापायच्या टेबलावर सरळ पसरून ठेवलं. "मास्टरचा टेप आहे. दुकानाचा दुकानात राहो."

अकरा वर्षांत तिने मला असं दुसऱ्याच्या टेबलावर कधी ठेवलं नव्हतं. मी ज्ञानेश्वरच्या टेपला लागून पडलो. दोघांची पितळी टोकं टेबलाच्या कडेला एका रेषेत. भीतीने माझा जीव गेला आणि आशेने परतही आला.

आपा वळली होती. पण शिवणाऱ्या माणसाची नजर न जुळणाऱ्या रेघांवर अडखळतेच. ती थांबली, खाली वाकली.

"ज्ञानेश्वर, तुह्या टेपचा एकतीस कुठी आहे रे?"

"हा काय."

"अन् माह्या टेपचा तीस?"

माझा तीस त्याच्या एकतिसाच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून पडला होता. सुचिताताईने लोखंडी पट्टी आणून दोघांवर ठेवली. नवा टेप पट्टीशी जुळला. मी जुळलो नाही. एका क्षणात मी साऱ्या दुकानासमोर खोटा ठरलो, आणि मित्रांनो, आयुष्यात एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

सुचिताताईने भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं, मग कात्रीकडे. "ही टांगायची सवय तं बाबाचीच," ती म्हणाली. मग आपाकडे न बघता पुढे म्हणाली, "मी टॅबलेट आणला, माणसं तपासली. टेप काही तपासले नाई. चुकलीच मी, आपा."

"डोळे खराब म्हनलं तू मले," आपा म्हणाली. एवढंच. पण ते ऐकून सुचिताताईची मान खाली गेली.

जाकिटांच्या आत ज्ञानेश्वरने दोन्ही बाजूंच्या शिवणीत जादा कापड सोडलेलं होतं. शिवण उसवून जाकीट सैल करता येणार होतं. आपा मशीनवर बसली. तिच्यापुढे दुकानात शिवून ठेवलेली तीस जाकिटं आणि परत आलेली दहा. तीन तारखेला चाळीसही जाकिटं देऊळघाटला पोचली, आणि भिंतीवरच्या कागदावर आपाचं नाव अजून आहे. त्याखाली सुचिताताईने एक ओळ नव्याने लिहिली आहे : दर महिन्याच्या एक तारखेला सगळे टेप पट्टीला लावून पाहायचे.

आपाच्या गळ्यात आता नवा टेप आहे. मी खिळ्यावर असतो, रिकामा, शेपटीला कात्री नसलेला. रोज माझ्याकडून काम घेतलं आणि रोज माझ्यावर भार टाकला, मित्रांनो, त्याची तक्रार नाही. पण मी किती ताणलो ते एकदा कुणी पाहिलं असतं, तर एका चांगल्या बाईला आपलाच चष्मा पुसून पुसून पाहावं लागलं नसतं. परवा आपा येता येता माझ्यापाशी थांबली. माझं खालचं टोक वळलं होतं, ते तिने बोटांनी सरळ केलं आणि कामाला गेली.