बन्नूरच्या खोगिराचा निरोप

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल. काच तडकलेली, पोटात सिम नाही; पण मेलो नाही बरं का! चार वर्षं सहानाच्या दप्तरात कॉलेजला गेलो. तिनं नवा फोन घेतला आणि मी पडलो कपाटात, मोज्यांच्या खाली.

मग एक दिवस तिनं मला पुसलं, इंटरनेटवरचा एक फुकटचा नंबर माझ्यात घातला आणि म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात आजोबांच्या दुकानात खिळ्याला टांगलं.

आजोबा म्हणजे मानाजीराव. स्कूटरच्या सीटा शिवतात. त्यांचे वाडवडील फौजेतल्या घोड्यांची खोगिरं शिवायचे. मशीन घरघरायला लागलं की माझी रिंग त्यांना ऐकू येत नाही. म्हणून फोन करणाऱ्याचं बोलणं मी जपून ठेवतो आणि दिवा लुकलुकवतो. सवड झाली की ते ऐकतात.

एकदा जवळच्या बन्नूर गावच्या जगन्नाथरावांचा निरोप आला. "मानाजीराव, वरातीच्या घोडीचं खोगीर फाटलंय. रविवारच्या आत शिवून देता काय? दुपारपर्यंत सांगा, नाहीतर दुसरा बघतो."

पंधरा वर्षांत खोगीर आलं नव्हतं! निरोप ऐकताच मानाजीराव ताडकन उठले. "देतो की हो! आणा आजच. घोडी शांत आहे न्हवं?" म्हणाले, अन् मला परत टांगून टाकलं.

आता काय सांगू! ते बोलणं कुठंच गेलं नाही. दुसऱ्याचा आवाज मी ठेवतो, माझं मला काही बोलता येत नाही. म्हातारा जाड सुई, मेण, दोरा काढून, मशीनवर एक सीट शिवत वाट बघत बसला.

दुपारी पुन्हा निरोप. "तुमचं उत्तरच नाही. मी दुसऱ्या दुकानी चाललो."

"अहो, सांगितलं की तुम्हाला! बहिरे झालात काय?" मानाजीराव माझ्यावर ओरडले.

त्यांच्या पत्नी भागीरथीबाई चहा घेऊन आल्या. "कुणाशी भांडताय?"

"त्या जगन्नाथरावाशी!"

"अय्यो देवा! हा नुसता ठेवलेला आवाज. बरणीतलं लोणचं झाडाला निरोप सांगतं काय? फोन लावा उलटा!"

लावला. पलीकडून जगन्नाथराव म्हणाले, "खोगीर खांद्यावर घेऊन त्या दुकानाच्या पायरीवरच उभा आहे हो! आलो, आलो."

शनिवारी खोगीर शिवून झालं. मानाजीराव मशीन बंद ठेवून नुसते त्यावर हात फिरवत बसले. तेवढ्यात तीन फोन आले. ऐकू आले, पण त्यांनी उचलले नाहीत. मी ठेवले जपून.

मित्रांनो, घरातल्या जुन्या फोनला अधूनमधून पुसा, चार्जिंग द्या. आणि कुणाचा निरोप ऐकलात, तर नुसती मान डोलावू नका, उलटा फोन करा. पलीकडं माणूस ओझं घेऊन उभा असतो.