आठव्या शीटवरची तुटक रेघ

हुशारच्या ड्रॉइंग शीटला भोकं होती. एखाददुसरं नव्हे, चांगली तीस-चाळीस, सुईच्या टोकाएवढी, आणि सगळी नेमकी आकृतीच्या कोपऱ्यांवर. शीट खिडकीकडे धरली तेव्हा ती दिसली, आणि हुशारच्या मनात पाल चुकचुकली.

अशी भोकं कशाने पडतात, हे इंजिनिअरिंगच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात कळतं. दुसऱ्याची शीट आपल्या कोऱ्या कागदावर ठेवायची, कोपऱ्याकोपऱ्यावर टाचणी टोचायची, आणि खाली उमटलेले ठिपके जोडून मोकळं व्हायचं. दिवसभराचं काम तासाभरात. वरच्या वर्गातल्या मुली ही विद्या इतक्या प्रेमानं शिकवतात की विचारू नका.

आता टाचणी कोणी टोचली? होस्टेलच्या खोलीत दोघीच. एक हुशार स्वतः आणि दुसरी खोडरबर. दोन्ही नावं त्यांनी एकमेकींना पहिल्या आठवड्यात ठेवलेली आणि तीच वर्गभर झालेली. खोडरबर एक रेघ काढायची आणि तीनदा खोडायची. काळ्या चुऱ्यानं तिची गादीसुद्धा भरलेली असे. तरी सात शीटवर सरांच्या सह्या मिळाल्याच होत्या तिला. एवढं खोडणाऱ्या पोरीला शेवटी सगळं बरोबर येतं कसं? हुशारला हे आधी कधी सुचलं नव्हतं. आता दुसरं काही सुचेना.

तसं हुशारचंही काही बरं चाललं नव्हतं. शाळेत दहा वर्षं पहिली आलेली पोरगी. इथं आली तर वर्गातला जो तो कुठे ना कुठे पहिला आलेला. गणिताच्या चाचणीत तीसपैकी अकरा. एक ड्रॉइंग तेवढं तिचं होतं. सर तिची शीट वर धरून वर्गाला दाखवायचे. तेवढ्या बळावर तिचा आठवडा निघायचा, आणि तेच कोणीतरी टाचणीनं टोचून नेत होतं. तिला संतापानं रडू आलं.

आईला फोन केला. आई रेल्वेत तिकीट तपासणारी. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे तिला त्याच्या बुटांवरून कळे.

"कुणाला काही विचारू नकोस," आई म्हणाली. "नुसतं बघत राहा."

झालं. हुशार डोळ्यांत तेल घालून बघायला लागली, आणि बघायला लागलं की दिसतंच हो. खोडरबर हुशारच्या ड्रॉइंग बोर्डाजवळ उभी दिसली.

"काय बघतेस?"

"काही नाही, नुसती बघत होते. किती स्वच्छ काढतेस गं."

नुसतं कोणी बघतं का? हुशार हसली आणि मनात नोंद करून ठेवली. दुसऱ्या दिवशी खोडरबर आपली शीट कागदानं झाकून आंघोळीला गेली. झाकायचं काय कारण? तिसऱ्या दिवशी तिनं चहा करून दिला. आता चहा कशाला?

आठवी शीट शेवटची होती. आठही सह्या असल्या तरच परीक्षेला बसता येणार. खोडरबरच्या काकांनी तिला बजावून पाठवलं होतं: एक विषय जरी राहिला तरी सरळ परत यायचं आणि आमच्या दुकानात बसायचं. हे तिनं हुशारला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हुशारला ते पक्कं ठाऊक होतं, आणि तरी तिनं सापळा लावला.

शीटवर एक लोखंडी ठोकळा काढायचा होता, त्यातून आरपार भोक गेलेलं. बाजूच्या दृश्यात ते आतलं, न दिसणारं भोक तुटक रेघांनी दाखवायचं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. हुशारनं मुद्दाम रेघा निम्म्यावर थांबवल्या. शीट बोर्डावर उघडी टाकली आणि दोन दिवस हातही लावला नाही. सबमिशनच्या सकाळी खोडरबर आंघोळीला गेल्यावर तिनं रेघा पलीकडच्या कडेपर्यंत नेल्या.

वर्गात सरांनी आधी हुशारची शीट घेतली. सही केली आणि शीट उजेडात धरली.

"काम चोख आहे. पण डिव्हायडर फार दाबतेस बाई तू. मापं एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात नेताना टोक अलगद टेकवायचं असतं. प्रत्येक कोपऱ्याला भोक पाडलंयस. तुझ्या सगळ्याच शीटना आहेत."

वर्ग हसला. हुशारनं शीट परत घेतली आणि आपणही उजेडात धरली. सगळ्याच शीटना. पहिल्या शीटपासून तिची तीच टोचत होती.

तोवर खोडरबर पुढे गेली होती. तिच्या शीटवर तुटक रेघा निम्म्यावर थांबल्या होत्या.

सरांनी ती शीट तिरकी करून खिडकीकडे नेली. "इथं खोडलंयस. खाच दिसतेय. रेघ आरपार होती, बरोबर होती. मग खोडली का?"

खोडरबरनं मान खाली घातली. "रूममेटची बघितली, सर. तिची निम्म्यावर होती. ती चुकत नाही, म्हणून माझंच चुकलं असेल असं वाटलं."

"तिची आरपार आहे," सर म्हणाले. "दुसऱ्याचं बघून काढलेल्या शीटवर सही मिळायची नाही. पाच वाजेपर्यंत नवीन आण. नाही आणलीस तर परीक्षा विसर."

अकरा वाजले होते. दोघी खोलीवर आल्या. खोडरबरनं नवा कागद बोर्डाला लावला.

"मीच नीट बघितलं नसेल गं," ती म्हणाली. "तू बसशील का माझ्याजवळ? कुठं चुकलं तर सांग."

हुशार गप्प बसली असती तर कोणाला कळलं नसतं. पण तिनं खुर्ची खोडरबरच्या बोर्डाजवळ ओढली.

"तू नीटच बघितलंस. रेघ मी मुद्दाम अर्धी काढली होती. तू माझ्या शीट टोचून नेतेस असं मला वाटलं, म्हणून. आज सकाळी मी ती पुरी केली."

खोडरबर भांडली नाही, रडली नाही. पेन्सिलीला टोक केलं आणि कामाला लागली. साडेचारला शीट पुरी झाली, पाचच्या आत सही मिळाली. एकदाही खोडलं नव्हतं.

परीक्षेपर्यंत दोघी त्याच खोलीत राहिल्या, चहासुद्धा एकत्र प्यायल्या. फक्त हुशार जवळून गेली की खोडरबर लिहिता लिहिता डावा हात उचलून कागदावर आडवा धरायची.