लागला की लावला

चिकटपट्टीचा शेवटचा तुकडा भिंतीला लागायच्या आतच यशया उजागरेने यादी वाचून काढली. शेवटची फेरी, पट क्रमांक अकरा. पांढरे : डहाळे राधाकृष्ण. काळे : उजागरे यशया. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा वाचली. मागून पालकांची रेटारेटी सुरू होती, आपापल्या पोरांची नावं शोधायला. तो गर्दीतून बाहेर पडला, सभागृहाच्या पायऱ्यांवर बसला आणि घरी फोन लावला.

"आलाय," तो म्हणाला.

"कोन?" दयाने विचारलं.

"डहाळे. अकरा नंबरच्या पटावर."

मग तिने आधी डबा खाऊन घ्यायला सांगितलं. उपाशीपोटी राग चढतो, असं तिचं मत होतं आणि लग्नाच्या चोवीस वर्षांत ते फारसं चुकलं नव्हतं.

यशयाचं वय अठ्ठेचाळीस. नागापूरच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरच्या पिना बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये तो तपासणीला होता. दिवसभर हातात माप तपासायचं गेज. गेजची एक बाजू पिनेवर बसली पाहिजे, दुसरी बसता कामा नये; एवढाच न्याय. नापास पिनेला लाल चिठ्ठी लागायची. तिच्यावर तीन रकाने : दोष, कारण, उपाय. कारणाच्या रकान्यात 'कामगाराची चूक' असं लिहायला मनाई होती. पाच वेळा 'का?' विचारायचं आणि पाचव्या उत्तराला जे हाती लागेल ते लिहायचं.

बुद्धिबळ त्याला वडिलांनी शिकवलं होतं, भिंगारच्या घरी, खोक्याच्या पुठ्ठ्यावर कोळशाने घरं आखून. खेळ बरा होता, फार मोठा नव्हता. जिल्ह्याच्या स्पर्धांत तो कायम मधल्या पटांवर असायचा. ते त्याला चालत होतं. २००५ सालापर्यंत.

त्या वर्षी याच सभागृहात डहाळे सरांशी त्याचा डाव पडला. सर गणिताचे शिक्षक, अर्ध्या नगरने त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या. पंचविसाव्या खेळीला यशयाचा डाव चढता होता. सरांनी उंट उचलला, बोटांत धरला, तो हलवला तर वजीर जातो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो शांतपणे परत ठेवून हत्ती चालवला. हात लावलेली सोंगटी चालवायचीच, हा नियम लहान पोरालाही ठाऊक असतो. यशयाने पंचांना बोलावलं.

"हात लावला ह्यांनी," तो म्हणाला.

"लागला," सर म्हणाले. "बाही लागली. सरळ करून ठेवला."

पंच सरांचा जुना विद्यार्थी होता. त्याने साक्षीदार आहे का विचारलं. साक्षीदार नव्हता. खेळ पुढे सुरू झाला आणि नऊ खेळींनी यशया हरला. हरला तोही वजिराने किंवा हत्तीने नाही. सरांनी त्याला प्याद्याने मात दिली. जुन्या खेळणाऱ्यांत प्यादेमातीचा मान मोठा, आणि खाणाऱ्याची नामुष्कीही तेवढीच मोठी. आजूबाजूला बघे जमले होते. सरांनी खेळींच्या कागदावर सही केली आणि म्हणाले, "बाकीच्यांना कशाला त्रास द्यायचा? तुम्हाला प्यादं पुरे."

लोक हसले. यशयाने सही केली नाही. कागद खिशात कोंबला आणि तो निघून आला. पुढे कितीतरी वर्षं सभागृहाबाहेरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी हमखास विचारायचं, काय प्यादं, आज किती झाले?

त्यानंतर सरांशी त्याची चारदा गाठ पडली. चारही वेळा तो हरला.

प्रत्येक डावाचा कागद तो एका पेटीत जपून ठेवायचा. लॉकडाऊनमध्ये वर्कशॉप बंद पडलं तेव्हा त्याने पेटी उघडली आणि एकेक हरलेला डाव पटावर मांडायला घेतला. मोबाईलवरचा कॉम्प्युटर चुकलेली खेळी क्षणात दाखवायचा. ती का चुकली हे मात्र त्याला सांगता यायचं नाही. ते यशयालाच शोधावं लागणार होतं. वर्कशॉप सुरू झाल्यावर त्याने छपाईत वाया गेलेल्या लाल चिठ्ठ्या स्टोअरवाल्याकडून मागून आणल्या आणि प्रत्येक हरलेल्या डावाला एक चिठ्ठी लावायला सुरुवात केली. दोष : विसाव्या खेळीला घोडा फुकट गेला. का? हत्ती जागेवरून हलला. का? प्यादं मारायला गेला. का? त्यांनी आपलं प्यादं मारलं होतं म्हणून. का? इथे पेन थांबायचं.

दोन वर्षांत तीनशे बारा चिठ्ठ्या झाल्या. त्याने त्या चटईवर कारणांप्रमाणे गठ्ठे करून मांडल्या. एक गठ्ठा बाकी सगळ्यांपेक्षा उंच झाला. एकशे सत्त्याऐंशी. शंभरातले साठ डाव तो एकाच पद्धतीने हरला होता : समोरच्याने काही मारलं, की चांगली खेळी समोर दिसत असूनही हा लगेच परत मारायचा. त्या सगळ्या चिठ्ठ्यांच्या कारणाच्या रकान्यात त्याने एकच शब्द लिहिला. उट्टं.

२००५च्या डावाला मात्र त्याने चिठ्ठी लावली नव्हती. त्या पराभवाचं कारण बाहेरचं होतं, अशी त्याची खात्री होती. ते कारण सावेडीत राहत होतं आणि त्याचं नाव डहाळे होतं. पण तपासणीच्या माणसाला एक नग वगळून चैन पडत नाही. एका रविवारी चर्चमधून आल्यावर त्याने तोही डाव मांडला. उंटाच्या लबाडीनंतरही डाव त्याच्याच हातात होता. तीन खेळींनी सरांनी त्याचं एक प्यादं मारलं, आणि त्याने रागाच्या भरात हत्तीने परत मारलं. हत्ती जागचा हलला आणि राजा उघडा पडला. त्याऐवजी राजा नुसता एक घर बाजूला घेतला असता, तर सरांचा हल्ला कोरडा पडत होता.

दयाने हे ऐकलं आणि ती हसायला लागली. "पाळकसाहेब वीस वर्षं सांगतात दुसरा गाल पुढं करा, ते तुमी कदी ऐकलं न्हाई. चिट्ठीनं सांगितलं ते पटलं व्हय?"

"गाल न्हाई पुढं करायचा," यशया म्हणाला. "मारायचंच हाय. उशिरा मारायचं."

राग तसूभरही कमी झाला नव्हता. फक्त त्याला आता गेज सापडलं होतं. समोरच्याने काही मारलं, की दोन्ही हात मांडीखाली घालायचे आणि पाचदा 'का?' विचारायचं. मग हात काढायचे. वर्षभरात त्याचा खेळ बदलला. आणि मग टपरीवर कळलं, की डहाळे सरांना कंपवात झालाय, ही त्यांची शेवटची स्पर्धा. यशयाने वर्कशॉपमध्ये दोन दिवसांची रजा टाकली. या वेळी गाठ पडली नाही तर कधीच पडणार नव्हती.

जेवण करून तो आत आला तेव्हा सर बसलेले होते. चौऱ्याहत्तरी गाठलेली, शर्ट कडक इस्त्रीचा, उजवा हात टेबलाखाली. शेजारी त्यांची मुलगी निकिता पाण्याची बाटली घेऊन उभी होती. ती पंचांना विचारत होती, बाबांच्या खेळी दुसऱ्या कुणी लिहिल्या तर चालेल का? पंच रेश्मा नावाची पंचविशीची मुलगी होती. तिने नियमात बसतं असं सांगितलं. सरांनी मान न वळवता नकार दिला. मग यशयाकडे पाहून म्हणाले, "उजागरे. वर्कशॉपवाले."

"व्हय, सर."

"अजून खेळताय?"

"अजून शिकतोय."

सरांनी डावा हात पुढे केला. तोच त्यांचा स्थिर हात होता.

खेळी करताना मात्र ते उजवाच हात वापरत. हात पटावर यायचा, सोंगटीच्या वर थरथरत राहायचा आणि मग एखाद्या माशीला अलगद पकडावं तशी ती सोंगटी उचलायचा. खेळात कंप नव्हता. एकविसाव्या खेळीला त्यांनी यशयाचं प्यादं मारलं आणि मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. यशयाला ती नजर ओळखीची होती. सरांनाही त्याची सवय ओळखीची होती. हा माणूस परत मारणार, हे त्यांनी चार डावांत वापरून घेतलं होतं.

यशयाने हात मांडीखाली घातले. हत्ती समोरच होता, मारायचं घर मोकळं होतं. एकोणीस वर्षं त्याच्या बोटांत वळवळत होती. पाचवा 'का?' झाल्यावर त्याने हात काढला आणि राजा एक घर बाजूला घेतला.

सरांनी पटाकडे पाहिलं. मग बराच वेळ यशयाकडे. पुढच्या दहा खेळींत त्यांचा हल्ला विहिरीतलं पाणी ओसरावं तसा ओसरत गेला.

बत्तिसाव्या खेळीला ते घडलं. सरांचा हात हत्तीकडे निघाला होता. वाटेत करंगळी थरथरली आणि शेजारचा उंट आडवा झाला. रेश्मा अगदी पाठीशीच उभी होती. या खेपेला साक्षीदारही होता आणि पंचही. उंट चालवावा लागला तर सरांचा वजीर जात होता आणि डाव तिथेच संपत होता.

"सर," रेश्माने खाली वाकून हळूच विचारलं, "लागला की लावला?"

निकिता दोन पावलं पुढे आली. सरांनी हात टेबलाखाली घेतला. त्यांचा चेहरा ताठ झाला होता. लागला म्हणायचं, तर हात कापतो म्हणून उंट पडला, हे भर सभागृहात पंचविशीच्या मुलीपुढे कबूल करावं लागणार होतं.

"लावला," सर म्हणाले. "चालवतो."

यशयाच्या कानांत तो शब्द घणासारखा वाजला. या एका शब्दाची त्याने एकोणीस वर्षं वाट पाहिली होती आणि तो आला होता चुकीच्या डावात. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं हा काही गुन्हा नव्हता. बाहेर टपरीवर जाऊन तो सांगू शकला असता की डहाळे हरला.

त्याने पुन्हा हात मांडीखाली घातले.

"न्हाई, म्याडम," तो म्हणाला. "लागला. मी बघितलंय."

"मी लावला म्हणतोय," सर म्हणाले.

"लागला, सर." यशयाने आडवा उंट उचलून त्याच्या घरात सरळ उभा केला. "मला तुमच्या हाताला न्हाई हरवायचं. तुमाला हरवायचंय."

रेश्माने दोघांकडे पाहिलं आणि खेळ पुढे सुरू ठेवायला सांगितलं. सरांनी हत्ती चालवला.

आता त्यांच्याजवळ आजाराची सबब उरली नव्हती. यशयाने ती काढून घेतली होती. अडतिसाव्या खेळीला त्याला वजिराने दोन खेळींत मात दिसत होती. सरांनाही दिसत असणार, कारण त्यांनी पाठ खुर्चीला टेकवली. यशयाने वजिराला हात लावला नाही आणि प्यादं एक घर पुढे सरकवलं. पुढच्या खेळीला आणखी एक. सर हार मानून उठू शकले असते. ते उठले नाहीत. काय चाललंय ते त्यांना कळलं होतं, आणि शेवटपर्यंत बसून राहायचं असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. त्रेचाळिसाव्या खेळीला प्यादं राजाच्या अंगावर आलं. राजाला पळायला दोन घरं होती. एकावर उंटाची नजर, दुसऱ्यावर घोड्याची. प्याद्याला मारावं, तर मागे हत्ती उभा.

एकोणीस वर्षांत घासून गुळगुळीत केलेलं एक वाक्य यशयाच्या जिभेवर तयार होतं. त्याने तोंड उघडलं.

"पुरलं," सर म्हणाले. "प्यादं पुरलं."

यशयाने तोंड मिटलं.

सरांनी पेन घेतलं. कागदाला टेकताच ते भरकटलं. निकिता म्हणाली, बाबा, मी करते सही. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. कागद बोटांखालून निसटत होता. यशयाने पुढे वाकून कागदाची कड दोन बोटांनी दाबून धरली, पिना मोजताना रजिस्टर धरतो तशी. सही व्हायला बराच वेळ लागला.

"तुमच्या जागी मी असतो," पेन खाली ठेवत सर म्हणाले, "तर लावलाच म्हणालो असतो."

"ठाऊक हाय, सर."

घरी आल्यावर त्याने दयाला जिंकल्याचं सांगितलं. तिने मग तोंड असं का, म्हणून विचारलं. त्याने पेटीतून २००५चा कागद काढला, आजच्या कागदाशेजारी ठेवला. जुन्या कागदावर सरांची सही होती : ठसठशीत, खाली सरळ रेघ ओढलेली, फळ्यावर गणित संपवावं तशी. आजची सही मुंगी शाईत बुडून चालल्यासारखी. दोन्ही एकाच माणसाच्या आहेत, हे कुठल्याच बँकेने मानलं नसतं.

त्याने आजच्या डावासाठी एक कोरी लाल चिठ्ठी घेतली. दोष लिहिला : वजिराची मात सोडली. कारण लिहिलं, त्याच एका शब्दात. उपायाचा रकाना तसाच सोडला. मग जुना कागद ओढून, हरलेल्याच्या नावापुढे एकोणीस वर्षं मोकळ्या राहिलेल्या जागेत त्याने सही केली. करताना कागदाची कड त्याने दोन बोटांनी दाबून धरली होती. त्याचा हात तर कापत नव्हता.