पाचशेची रेघ

"ही पिशवी काढा ना बाई, प्लास्टिक चिकटतंय पोरीला," माई म्हणाली.

माई म्हणजे या प्रसूतिगृहातली सगळ्यात जुनी नर्स. आज मात्र ती ड्यूटीवर नव्हती. टेबलावर तिचीच लेक होती. बाळ नुकतंच झालं होतं आणि खणखणीत रडत होतं. नव्याने आजी झालेली माई लेकीच्या उशाशी उभी होती.

"राहू दे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाई मुळातच हट्टी. साठी उलटल्यावर गेल्या महिन्यात त्या लेकरांच्या वयाच्या डॉक्टरांच्या मांडीला मांडी लावून प्रशिक्षणाला बसल्या. तिथे फडक्यांवर लाल पाणी ओतून विचारलं, रक्त किती गेलं, सांगा. बाईंचं उत्तर खऱ्याच्या निम्मंच निघालं. बाकीच्यांची गतही तीच. परत आल्या आणि त्यांनी आपल्या डोळ्यांच्या अंदाजाला रजा दिली. तेव्हापासून प्रत्येक बाळंतिणीखाली गेलेलं रक्त मोजायला ही रेघा आखलेली पिशवी. माईने नाक मुरडलं होतं. सगळा जन्म याच कामात गेला, आता आम्हाला प्लास्टिक शिकवणार म्हणे.

पिशवीतलं रक्त पाचशे मिलिलिटरच्या, म्हणजे धोक्याच्या रेघेला टेकलं. अजून वाहत होतं.

लेक बाळाकडे बघून हसत होती. नाडीही बरी होती. एवढं चालतं, असं बाईंच्याही मनात आलंच. पण रेघ समोर होती.

"सलाईन लाव. रक्त थांबवायची दोन्ही इंजेक्शनं लगेच दे," त्यांनी तरुण सिस्टरला सांगितलं आणि स्वतः पोटावरून गर्भाशय चोळायला घेतलं. लेक कळवळली.

"अहो, एकेक करून बघू की," माई पुढे झाली. "आत्ता कुठे सुटलीय बिचारी. एवढं तर जातंच, तुम्हीच म्हणत आलात."

"म्हणत होते. आता नाही म्हणणार. तू आज आई आहेस ना? मग तिचा हात धर आणि मला काम करू दे."

इतक्या वर्षांत बाई तिच्याशी अशा बोलल्या नव्हत्या. माईला रागही आला आणि रडूही आलं. तेवढ्यात लेकीचे ओठ पांढरे पडले.

"आई, कसंतरी होतंय मला."

माईच्या तोंडचं पाणी पळालं. पण सलाईन आधीच धावत होतं, औषध अंगात भिनत होतं. बाईंचे हात थांबले नाहीत. बऱ्याच वेळाने गर्भाशय मुठीसारखं आवळलं आणि रक्त थांबलं. लेकीच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला.

माईने पिशवी सोडवून उजेडात धरली. नऊशेला थोडं कमी.

"फडक्यांवर बघितलं असतं, तर मी चारशे म्हटलं असतं," ती हलकेच म्हणाली.

"मीही तेवढंच म्हटलं असतं."

लेकीने डोळे उघडले.

"काय झालं होतं गं आई?"

माईने पिशवी पाठीमागे नेली. दुसऱ्या हाताने तिने लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"काही नाही गं राणी," ती म्हणाली. "काही झालं नाही."