बुवांची बदनामी

संघमित्राने हेडफोन मानेवर ओढले आणि अहवालाच्या पहिल्या रकान्यात लिहिलं : 'कोंबडा.' मग जरा विचार करून पुढे जोडलं, 'रडणारा.'

समोरच्या पडद्यावर ओळी होत्या :

कोंबो आरवलो फाटफटी, बुवा म्हणता सूर गावलो,
त्याच सुरात धरल्यान गजर, तर कोंबोच रडूक लागलो!

खाली सही शिवदास बुवांची. आणि ज्यांच्या सुरापुढे पहाटेच्या कोंबड्याने हात टेकले ते सीताराम बुवा, राहणार मुलुंड. प्रत्येक अपमान वेगळा नोंदवायचा, अशी कंपनीची पद्धत होती. संघमित्राच्या रकान्यात कोंबड्याखाली फाटका भाता आला, बेसूर बेडूक आला, लग्नात रुसलेली विहीण आली. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून तीनदा मोठ्याने हसलो आहोत. बदनामीच्या तक्रारीवर काम करताना हे काही बरं दिसत नव्हतं.

कंपनी अंधेरीच्या एमआयडीसीत होती आणि लोकांच्या वेबसाइटना जागा भाड्याने देण्याचं काम करत होती. चाळीचा मालक खोली देताना अटी घालतो, तशा या जागेलाही अटी होत्या. अश्लील काही ठेवायचं नाही, लोकांना गंडवायचं नाही, न विचारता हजारोंना मेल पाठवायचे नाहीत, कुणाचा छळ करायचा नाही, दुसऱ्याच्या नावाने वावरायचं नाही. जागा घेणारा प्रत्येक जण हे नियम न वाचता 'मान्य' म्हणतो आणि मग कुणाची तरी तक्रार आली की संघमित्राला ते त्याच्या वतीने वाचावे लागतात. मजकूर राहणार की जाणार, हे तिच्या अहवालावर ठरायचं.

ही तक्रार केली होती सीताराम बुवांच्या सुनेने, रुचिराने. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीची पत्रिका करायची म्हणून तिने त्यांचं नाव नेटवर शोधलं, तर पहिल्याच फटक्याला हा कोंबडा पुढ्यात आला. रुचिरा पुण्याकडची, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. फोनवर ती विनवण्या करत होती.

"दर गुरुवारी नवीन काहीतरी लिहितात हो. इतके देवमाणूस आहेत आमचे बाबा! त्यांना काही कळू देऊ नका, प्लीज. या वयात खचतील ते."

नियमाप्रमाणे साइट त्याच दिवशी बंद झाली. शुक्रवारपर्यंत समाधानकारक खुलासा आला नाही, तर खातं कायमचं पुसलं जाणार होतं. त्या खात्यात नुसत्या ओळी नव्हत्या. डबलबारीची चाळीस वर्षांची ध्वनिमुद्रणं होती. डबलबारी म्हणजे कोकणातला भजनाचा सामना. दोन बुवा आपापले साथीदार घेऊन समोरासमोर बसतात, आधी देवाचं नाव घेतात आणि गजराला आले की एकमेकांची यथेच्छ सालं काढतात. हे संघमित्राला दोन दिवस ऐकून ऐकून कळलं होतं. ती घाटकोपरला वाढलेली, आईवडील अकोल्याकडचे. मालवणी तिला आधी अर्धीच कळायची. पण तिचा मामा कव्वालीच्या मुकाबल्यात उभा राहायचा, समोरच्या गायकाला रात्रभर सोलून काढायचा आणि सकाळी त्याच्याच ताटात जेवायचा. ते तिला आठवलं आणि तक्रारीवरचा तिचा विश्वास जरा हलला.

तरी नियम तो नियम. तिने खातेदाराला फोन लावला. खातेदार म्हणजे शिवदास बुवांचा मुलगा, सुयोग.

"तुम्ही स्वतः त्या ओळी काढून टाकता का? म्हणजे बाकीचं सगळं वाचेल."

"त्या काढायचा अधिकार मला नाही, मॅडम."

"खातं तुमच्या नावावर आहे ना?"

"खातं माझं आहे. ओळी माझ्या नाहीत."

"मग वडिलांना विचारा."



"तुम्ही सीताराम काकांनाच विचारा ना," सुयोग म्हणाला. "मी काही बोललो तर ते मला उभा चिरतील."

चोर तो चोर आणि वर शिरजोर, असं मनात म्हणत संघमित्राने फोन ठेवला. ज्याला शिव्या घातल्या त्यालाच जाऊन विचारा म्हणे!

विचारायला जावं लागलं नाही. गुरुवारी दुपारी सुयोगकडून पत्ता घेऊन सीताराम बुवाच ऑफिसात हजर झाले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, टोपी, खांद्याला कापडी पिशवी. एसीच्या गारव्याने त्यांना दोन शिंका आल्या. संघमित्राने खुर्ची पुढे केली.

"सायट कोणी बंद केल्यान?"

"मी, बुवा."

"तू?" त्यांनी तिला खालून वर पाहिलं. "माझो गुरवार गेलो गो बाय."

"तुमच्यासाठीच केली. तुमच्याबद्दल फार वाईट लिहिलंय त्यात."

"वाईट? खयचा?"

आता वाचून दाखवणं आलं. तिने आवाज शक्य तितका सपाट ठेवला आणि सरकारी नोटीस वाचावी तसा कोंबडा वाचला. पहिल्या ओळीला बुवांनी डोळे मिटले. दुसऱ्या ओळीला त्यांची बोटं टेबलावर ठेका धरू लागली. कोंबडा रडला तसे ते खदखदून हसले. पलीकडच्या टेबलावरची मुलं माना वर करून बघू लागली.

"बरा जमला हा ना?"

"तुम्हाला राग नाही येत?"

"राग? अगो, माझ्यातला उणा शिवदासाइतक्या घरात पण कोणाक म्हायत नाय. पट्टी चढली की माझो सूर फाटता. बायलेक अजून पत्तो नाय. तेका पयल्याच डबलबारीत कळला." बुवा पुढे झुकले. "तक्रार कोणी केल्यान?"

"ते सांगायची परवानगी नाही."

"म्हंजे सुनेनच. भजनातलो माणूस असली तक्रार करूचो नाय." मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "माझ्यासाठी भांडली तर! गुणाची हा पोर."

संघमित्राला हायसं वाटलं. ज्याचा अपमान झाला त्याचीच हरकत नसेल तर काम सोपं होतं. तिने एक अर्ज पुढे सरकवला, बुवांनी वळणदार सही केली.

"आता फक्त शिवदास बुवांचं म्हणणं हवं. त्यांना फोन लावून देता?"

"लागाचो नाय."

"रेंज नसते का तिकडे?"

बुवांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. "गेलो तो. ह्या शिमग्याक वर्स झाला."

तिने पडद्याकडे पाहिलं. कोंबड्याच्या ओळी गेल्या महिन्यातल्या होत्या. "मग हे सगळं कोण लिहितंय?"

बुवा टोपीची घडी नीट करत राहिले. ते सांगणार नाहीत असं तिला वाटलं. पण त्यांनी सांगितलं, आणि फार आवाज न चढवता सांगितलं.

"तेच्या घशाचा ऑपरेशन झाला, गाणा संपला. तेव्हा सुयोगान ही सायट काढल्यान. शिवदास बसल्या जाग्यार लिवायचो, मी उत्तर लिवून धाडायचंय. मगे तो गेलो. सुयोग म्हणालो, काका, आता बंद करूया. मी म्हटलंय, अरे, चाळीस वर्सां तेका उत्तरां दिली, ती आता खय ठेवू? सवालच नाय तर माका इचारता कोण? पयल्या गुरवारी गप रवलंय. दुसऱ्या गुरवारी काय रवाक नाय. मगे, तो काय बोललो असतो, तां मीच लिवलंय."

संघमित्राने उगाच पाण्याची बाटली उघडली. हा म्हातारा वर्षभर दर आठवड्याला स्वतःलाच शिव्या घालत होता आणि त्यांना उत्तरं देत होता. तिला त्याचं फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त त्याचा हेवा वाटला.

पण अर्ज हातात घेतला आणि ती थांबली. बुवांनी खरं सांगून एका नियमातून सुटका करून घेतली आणि दुसऱ्यात पाय अडकवला. दुसऱ्याच्या नावाने मजकूर टाकणं. तेही मेलेल्या माणसाच्या नावाने.

ती इरावती मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मॅडम तिच्या वरिष्ठ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा वर सरकवला.

"मुलाची संमती आहे?"

"आहे. खातं त्याचंच आहे."

"मग खाली एक ओळ टाकायला सांग. 'लेखक : सीताराम.' मिटलं."

ती ओळ बुवांना सांगताच ते ताठ झाले.

"नाय! ती बारी कशी रवतली? दोन्ही कडेन मीच बसलंय तर समोर कोण? त्यापरास पुसून टाक."

"बुवा, चाळीस वर्षांची रेकॉर्डिंग जातील!"

"जातली." हे ते म्हणाले खरे, पण टोपीची घडी पुन्हा विसकटली.

संघमित्रा परत केबिनमध्ये. मॅडमनी या वेळी नियम उघडून तिच्यापुढे फिरवला. "नीट वाच. 'फसवण्याच्या हेतूने' असं लिहिलंय. कोण फसलंय इथे? एक तरी माणूस दाखव, नाहीतर मला पुन्हा विचारायला येऊ नकोस यार."

तेच तिने बुवांना विचारलं. "शिवदास बुवा गेले, हे किती जणांना माहीत आहे?"

"किती म्हंजे? हयसून कुडाळापर्यंत सगळ्यांका. तेच्या मैताक तेचे नि माझे साथीदार एकत्र बसले. उजाडापर्यंत भजन केला."

"आणि साइट कोण वाचतं?"

"तेच."

ती जागेवर बसली आणि ओळींखालचे लोकांचे अभिप्राय परत वाचू लागली. 'शिवदास बुवा, आज एकदम जोरात!' 'झकास! सीताराम बुवांची वाट लागली.' 'आता काय उत्तर देणार, बघूया.' काल तिने हे सगळं 'चिथावणी' या रकान्यात टाकलं होतं. कांजूर, भांडुप, विरार, कणकवली. एवढी माणसं दर गुरुवारी येत होती, गेलेल्या माणसाला शाबासकी देत होती आणि एकानेही एकदासुद्धा तो गेल्याचं बोलून दाखवलं नव्हतं. फसल्या होत्या फक्त दोघी. एक रुचिरा आणि दुसरी ती स्वतः.

तिने चिथावणीचा रकाना पुसला आणि लिहिलं : 'फसवणूक नाही. अपमान आहे, पण ज्याचा झाला त्याला तो हवा आहे.' इरावती मॅडमनी दोन मिनिटांत मंजुरी पाठवली. साइट सुरू झाली. पडद्यावर शिवदास बुवांचा फोटो आला, मांडीवर टाळ, तोंडात पान, समोरच्याची फजिती आधीच दिसत असल्यासारखा चेहरा.

"इलो मेलो!" सीताराम बुवा म्हणाले आणि त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

निघायला उठले, पण परत बसले. पिशवीतून त्यांनी घडी घातलेला कागद काढला.

"शिवदासाचो आजचो सवाल हा. सुयोगाक धाडूचो हा. तुझ्या नियमात बसता काय, बघ एकदा. उगाच परत भानगड नको."

संघमित्राने कागद उलगडला.

सीताराम बुवा दमलो आता, बसान गाता बरो,
सूर हललो म्हातारपणी, तरी भाव तेचो खरो.

तिने एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. नियमात शंभर टक्के बसत होतं. यात तक्रार करण्यासारखं कुणालाच काही सापडलं नसतं. बुवा तिच्याकडे बघत नव्हते. ते पडद्यावरच्या फोटोकडे बघत होते.

दोन दिवस तिने शिवदास बुवांचा आवाज ऐकला होता. तरुणपणीचा, मग भरदार झालेला, मग चिरकत गेलेला. तो माणूस तिला आता बऱ्यापैकी ओळखीचा झाला होता.

"बुवा," ती जपून म्हणाली, "ही शेवटची ओळ. ते असं म्हणाले असते?"

बुवांनी फोटोवरची नजर कागदाकडे वळवली.

"नाय," ते म्हणाले. "मेलो तरी म्हणाचो नाय."

"आणि फार मऊ आहे. एवढ्यावर तुम्ही उत्तर तरी काय देणार?"

बुवांनी कागद तिच्या हातातून घेतला, खालची ओळ पुन्हा एकदा वाचली, ओठ न हलवता. मग मान डोलावली आणि हात पुढे केला.

"पेन दी."